बाबांचा ‘मी’

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम् भागातील माझ्या खोलीत बाबांचा जुना ‘वी’ आहे. निन्टेन्डोने 2006 साली आणलेला कन्सोल. त्यात खेळाडूच्या छोट्या प्रतिमेला ‘मी’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव फारच जवळचे. बाबा गेले, त्यांचा ‘मी’ मात्र 512 मेगाबाइटच्या अंतर्गत स्मृतीत अजून चष्मा लावून उभा आहे.

होमब्रू, म्हणजे हौशी मंडळींनी लिहिलेले प्रोग्रॅम, एसडी कार्डावर ‘अ‍ॅप्स’ नावाच्या फोल्डरात राहतात. मुख्य पडद्यावर त्यांचे चित्र हवे असेल तर ‘फॉरवर्डर’ बसवावा लागतो. त्यात प्रोग्रॅम नसतोच; असतो तो केवळ कार्डावरील फाइलचा पत्ता. फोल्डरचे नाव बदलले, की तो पत्ता खोटा ठरतो. खरी भीती निराळीच. फॉरवर्डर अंतर्गत स्मृतीत बसतो आणि त्याचे चित्र सदोष निघाले, तर मुख्य पडदाच उघडेनासा होऊ शकतो. म्हणून आधी ‘बूटमी’ने संपूर्ण स्मृतीची प्रत काढली. ही प्रत याच यंत्राच्या किल्ल्यांनी कूटबद्ध असते. दुसऱ्या ‘वी’वर ती परत बसवता येत नाही.

याला पोरखेळ म्हणणाऱ्यांना मी भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांचे उदाहरण देतो. 2007 मध्ये त्यांनी प्लेस्टेशन 3 कन्सोल एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणिते केली. (तेव्हा सोनीने लिनक्सची मुभा ठेवली होती, 2010 मध्ये ती काढून घेतली.)

काल रात्री फॉरवर्डर बसवला. पडदा उजळेपर्यंत श्वास रोखून बसलो. नवे चित्र चौकटीत आले. ते उघडण्याआधी मी ‘मी चॅनल’मध्ये गेलो. बाबा तिथेच होते.