संवाद पाठ नसताना

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात कुणाला मुलाखतीचं पत्र आलं की ते पत्र त्याच्या एकट्याचं राहत नाही. वाड्यावर बातमी फिरते. आई देवाला गाऱ्हाणं घालते, शेजारचे काका ‘कुणाची ओळख आहे का बघतो’ म्हणून फोन लावतात, आणि ज्याची मुलाखत आहे तो मागच्या पडवीत बसून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं इंग्रजी उत्तर घोकत असतो. हे घोकणंच आपल्या मुलांचा घात करतं, असं माझं ठाम मत आहे. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की पुढची सगळी वाक्यं निसटतात, आणि मग हात थरथरतात, घसा कोरडा पडतो, येत असलेलंही येईनासं होतं.

मला हे शहाणपण कुठल्या शिकवणीत मिळालं नाही. ते मला पेडण्यात, मामाच्या गावी मिळालं.

मामाची काजूची बागायत होती, थोडं भातशेत होतं, आणि हिवाळ्यात जत्रा सुरू झाल्या की तो दशावतारात राजपार्टी रंगवायचा. पेडण्याची माणसं दशावतारावर किती जीव टाकतात हे तिथे रात्र जागवल्याशिवाय कळत नाही. देवळासमोर मांडव, मांडवात एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. तेच बाकडं राजाचं सिंहासन, तेच अरण्यातला दगड. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी रंग लावता लावता सगळे पेटाऱ्याभोवती बसतात, कंपनीतला जाणता माणूस त्या रात्रीची कथा सांगतो: कोण कुणाचा मुलगा, शाप कुणी दिला, कुठल्या प्रवेशाला कुणी आत जायचं. पुढचे सगळे संवाद उभ्या उभ्या, समोरचा काय बोलतो ते ऐकून.

शाळकरी वयात मी देवळाच्या अग्रशाळेच्या ओसरीवर बसून हे बघत असे. एका रात्री नारद झालेल्या नटानं मामाला ठरल्याबाहेरचा प्रश्न टाकला. राजधर्माचा काहीतरी पेच होता. तू प्रजेचा बाप की मुलाचा, अशा धर्तीचा. मामा गप्प झाला. खांद्यावरचा शेला सावरला, बाकड्यावर टेकला, पेटीवाल्याकडे पाहिलं. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. माणसं वाट बघत होती आणि मामाला घाई नव्हती. मग त्यानं सावकाश उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मांडव त्याच्या बाजूला वळला. पहाटे रंग पुसताना मी विचारलं, मामा, तुला उत्तर ठाऊक होतं? तो म्हणाला, “उतरां खंय थारतात बाय? कथा खबर आसली म्हणटकच तीं येतात.” शब्द कुठे टिकतात? कथा ठाऊक असली म्हणजेच ते येतात.

पुढे मी नोकरीसाठी मुलाखती द्यायला लागले तेव्हा ही गोष्ट कामी आली. आमच्याकडची बहुतेक मुलं माझ्यासारखीच. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, घरी कोंकणी. सरकारी जाहिरातीत कोंकणी आवश्यक आणि मराठी असल्यास चांगलं, असं लिहिलेलं असतं, पण प्रश्न बहुधा इंग्रजीतून सुरू होतात. तीन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलीनं एका भाषेतलं उत्तर पाठ करून नेलं तर ती अडकणारच. म्हणून मी उत्तरं लिहिणं सोडलं आणि वहीत फक्त ऐवज लिहिला. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. मयेचा तलाव. खाणी कुठल्या, कधी थांबल्या, का थांबल्या. मी काय शिकले, कुठे काम केलं, काय येतं, काय येत नाही. प्रत्येक गोष्ट आईला कोंकणीत सांगायची, बाबांना मराठीत, आणि आरशासमोर इंग्रजीत. दर वेळी वाक्यं वेगळी.

बाबांचा टिपर होता. बँकेचं कर्ज काढून घेतलेला. खाणीवरून खनिज भरायचं आणि सारमानसच्या धक्क्यावर ओतायचं, तिथून ते बार्जमधून मांडवीच्या पाण्यानं मुरगाव बंदराकडे जायचं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्थगिती दिली. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून सगळं पुन्हा बंद पडलं. आमच्या अंगणात तो टिपर ताडपत्री घालून उभा राहिला. घरात त्या काळात फारसं कुणी बोलत नसे.

पणजीत एका सरकारी पदासाठी मुलाखत होती. टेबलापलीकडे चार-पाच जण. विषयाचे प्रश्न झाले, ते बरे गेले. मग एका गृहस्थांनी कागदावरून नजर उचलून विचारलं, तुम्ही डिचोलीच्या, तर न्यायालयानं खाणी बंद केल्या ते योग्य केलं का?

छाती धडधडायला लागली. बोटं गार पडली. असं होतं तेव्हा अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढलेलं असतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं, तोंडातली लाळ कमी होते. धोका समोर आला की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागतं, तसंच ते इथेही लागतं. ते थांबवायला गेलं की जास्तच वाढतं. श्वास सोडताना मात्र हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांबवला तर फरक पडतो, आणि हे समोरच्याला दिसतही नाही. मी तेच केलं. समोरचा पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, ठेवला. मामाचा शेला सावरणं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट आठवलं. पेटी धरून ठेवणारा कुणी नव्हता, पण ती माणसं तेवढा वेळ थांबली. विचारणारा बहुतेक वेळा थांबतो. घाई आपल्यालाच असते.

मग मी आधी म्हटलं की माझ्या वडलांचा टिपर त्या बंदीत थांबला, तेव्हा मी या प्रश्नात तटस्थ नाही, हे आधी सांगते. त्यानंतर शिरगाव-मुळगावकडच्या शेतांत पावसाळ्यात खाणीची माती कशी उतरते ते सांगितलं, विहिरींचं पाणी खाली गेल्याचं सांगितलं. न्यायालयाचा आक्षेप लिलाव न करता केलेल्या नूतनीकरणावर होता, तो मला पटतो, म्हटलं; पण ट्रक, बार्ज, गॅरेज, चहाचं दुकान यांवर जगणाऱ्या घरांची सोय आधी लावायला हवी होती, हेही तितकंच खरं. एका ठिकाणी इंग्रजी शब्द सुचेना तेव्हा विचारलं, हे एक वाक्य कोंकणीत सांगू का? अध्यक्षबाई म्हणाल्या, सांग गो. तिथून पुढे ती परीक्षा राहिली नाही, बोलणं झालं.

माझा राग खरा होता. तो लपवला असता तर तो आवाजातून बाहेर पडला असता. मोकळा सोडला असता तर मी भांडले असते. दोन्ही बाजूंची माहिती मला होती, घरातल्या टिपरपासून शेजाऱ्याच्या मळलेल्या शेतापर्यंत, म्हणून रागाला बसायला जागा मिळाली. मुलाखतीत शांत राहणाऱ्याच्या आत काहीच हलत नसतं, ही समजूत मी तेव्हापासून मानत नाही. मामाच्या पाठीवरून रंगपटात घामाच्या धारा वाहायच्या. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्याआधी किंवा भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. ते वाचलं तेव्हा मला रंगपटच डोळ्यांसमोर आला. खेळाआधी तिथे ‘शांत हो’ असं कुणीच कुणाला सांगत नसे.

ती नोकरी मला मिळाली. आता रविवारी मी गावच्या वाचनालयात मुलाखतीला जाणाऱ्या मुलांबरोबर बसते. पेडण्यातला मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला, तेव्हापासून तिकडची मुलंही येतात. कोलवाळचा पूल ओलांडून एवढ्या लांब यावं लागतं, तरी येतात. त्यांना मी बारीकसारीक गोष्टी सांगते, कारण त्या बारीक नसतात. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. सकाळी पेज जेवून निघा, उपाशी पोटी हात जास्त थरथरतात. म्हापशाच्या स्टँडवर बस चुकेल हे धरूनच घर सोडा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, आणि म्हणून झाल्यावर मान खाली घालू नका. वशिल्याशिवाय काही होत नाही असं धरून जो आत जातो तो दारातच हरलेला असतो. वशिला चालत नाही असा दावा मी करणार नाही. पण आतली ती दहा-पंधरा मिनिटं तरी आपल्या हातात असतात.

पेडण्याच्या एका मुलाच्या घरची काजूची बाग विमानतळाच्या जमिनीत गेली होती. तिथल्याच एका खाजगी कंपनीत त्याची मुलाखत होती. मी त्याला मुद्दामच तो प्रश्न आधी विचारून ठेवला: ज्या जागेवर तुमची झाडं होती तिथे काम करताना राग नाही येणार? पहिल्यांदा तो उठून बाहेर गेला. परत आला, बसला, आजोबांनी लावलेल्या झाडांबद्दल बराच वेळ बोलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलला, त्याहून कमी. प्रत्यक्ष मुलाखतीत तोच प्रश्न आला. राग आहे, तो म्हणाला, पण तो प्रवाशाच्या बॅगेवर काढणार नाही. आणि या पठाराची माहिती मला बाहेरून येणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

त्याला तिथे घेतलं नाही, अनुभव असलेला दुसरा कुणी मिळाला. नीट बोललं की नोकरी मिळतेच असं नाही, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. सध्या तो मोरजीतल्या एका हॉटेलात स्वागतकक्षावर आहे. सुट्टी असेल त्या रविवारी येऊन मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसतो आणि माझ्यापेक्षा अवघड प्रश्न विचारतो. नार्व्याची एक मुलगी पुढच्या महिन्यात औषधांच्या कंपनीत मुलाखतीला जाणार आहे. तिला तो दर वेळी एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगायला लावतो, आणि ती दुसऱ्या वेळी पहिलीच वाक्यं बोलायला लागली की टेबलावर टकटक करून तिला थांबवतो.