एक भुंगेरा आणि एक चिठ्ठी

आमच्या रत्नागिरीकडच्या बागेत ‘भिरूड’ हा शब्द शिवीसारखा उच्चारला जायचा. आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला की आजोबा तार घेऊन उकिडवे बसायचे आणि भोकातून जाड, पांढरी अळी ओढून काढायचे. या अळीचाच पुढे लांब मिशांचा भुंगेरा होतो आणि शास्त्रात त्याला बातोसेरा रूफोमाक्युलाटा म्हणतात, हे कॉलेजात गेल्यावर मी त्यांना ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, “नाव कळून झाड वाचणार आहे का रे?” मला उत्तर सुचलं नाही. पुढे मात्र याच भुंगेऱ्यांच्या मागे लागून मी डेहराडूनला आलो आणि इथलाच झालो.

लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या या कुळात आजवर ३५,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. आपल्याकडच्या जातींचं पहिलं मोठं पुस्तक चार्ल्स गहान यांनी १९०६ साली लिहिलं. ते आजही टेबलावर लागतं. नवी जात सापडली की ती ओळखीच्या एखाद्या प्रजातीत बसवायची, ही रोजची रीत. पण कधीकधी एखादा किडा कुठल्याच घरात बसत नाही. मग त्याच्यासाठी नवी प्रजाती, म्हणजे नवं घरच बांधावं लागतं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानाजवळ २०२१ साली असंच झालं. जेम्स ट्वीड हा तरुण संशोधक तिथे तंबू टाकून राहिला होता. सकाळी एका पानावर त्याला पांढरं काहीतरी दिसलं. आधी वाटलं, पाखराची विष्ठा. वाकून पाहिलं तर ९.७ मिलिमीटरचा भुंगेरा, अंगभर लांब पांढरे केस. त्याने जुनी पुस्तकं, शोधनिबंध, संग्रहांतले नमुने धुंडाळले. कॅनबेराच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहातल्या जाणकारांनाही विचारलं. तो कुठल्याच प्रजातीत बसेना. २०२४ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं: एक्सकास्ट्रा आल्बोपिलोसा. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘छावणीतून’, दुसऱ्याचा ‘पांढऱ्या केसांची’. शोधूनही दुसरा नमुना मिळाला नव्हता. अख्खी प्रजाती एका मादीवर उभी राहिली.

हे वाचून मी कपाटातली माझी जुनी पेटी काढली. तिच्यात कोपऱ्यात एक करडा भुंगेरा आहे. मी विद्यार्थी असताना सह्याद्रीत दिव्यापाशी आलेला. मिशीच्या बुडाला वळसा घालणारा खाचदार डोळा, सरळ खाली उतरणारं कपाळ. उपकुळ लगेच कळतं. त्यापुढे मात्र तो कुठेच बसत नाही. मी तेव्हाही बसवून पाहिला होता, आताही पाहिला.

पण त्याच्या टाचणीखाली चिठ्ठी नाही. त्या पावसाळ्यात मी दोनदा गेलो होतो, एकदा आंबोलीला आणि एकदा कोयनेला. पेट्या बदलताना चिठ्ठी माझ्याच हातून हरवली. सर म्हणायचे, “किडा मोडला तरी चालेल, चिठ्ठी जपा.” तेव्हा तो मला म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटला होता.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आंबोली लिहा ना. आंबोलीच असणार.” मलाही तसंच वाटतं. पेन हातात घेतलंसुद्धा. पण मी आंबोली लिहिलं आणि तो कोयनेचा निघाला, तर पुढची वीस वर्षं माणसं चुकीच्या जंगलात दिवा लावून बसतील. सापडला नाही म्हणून तो संपला असंही कुणी लिहील. तो राहतो ते जंगल मात्र कुणाच्याच यादीत नसेल.

आजोबांना उत्तर द्यायला आता उशीर झालाय. नावाने झाड वाचत नाही, हे खरंच. पण ज्याला नाव आणि गाव दोन्ही नाही, ते वाचवायला कुणी जाऊच शकत नाही.

मी चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं, ‘सह्याद्री. नेमकं ठिकाण माहीत नाही.’ खाली माझं नाव घातलं आणि ती टाचणीत ओवली. येत्या जूनमध्ये रजा टाकली आहे. आंबोली आणि कोयना, दोन्हीकडे जाणार आहे. यंदा विद्यार्थिनीच्या हातात चिठ्ठ्या आधी देईन, जाळी नंतर.