चौसष्ट घरे

साधने वाढली की कला वाढते, हा आपल्या काळाचा एक आवडता सिद्धांत आहे. चित्रकाराच्या हाती कोट्यवधी रंग द्यावेत, संगीतकाराला शेकडो वाद्यांचे आवाज पुरवावेत, लिहिणाऱ्यापुढे अक्षरांचे हजार नमुने मांडावेत, म्हणजे प्रतिभा आपोआप बहरेल, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. माझा या सिद्धांतावर पूर्वी रागही नव्हता आणि लोभही नव्हता. साहित्याच्या अध्यापकाला संगणकाशी जेवढे कर्तव्य असते तेवढेच मला होते: प्रश्नपत्रिका लिहाव्यात, गुणपत्रके भरावीत, आणि यंत्र मध्येच रुसले तर एखाद्या तरुण सहकाऱ्याला हाक मारावी. परंतु गेल्या दोन वर्षांत मला एक छंद जडला आहे, आणि त्याने या सिद्धांताविषयी माझ्या मनात बरीच शंका उत्पन्न केली आहे. हा छंद लहान यंत्रांचा आहे. आकाराने लहान यंत्रे आता प्रत्येकाच्या खिशात असतात. मी म्हणतो ती सामर्थ्याने लहान आहेत, आणि त्यांतली काही तर बुद्धिपुरस्सर लहान ठेवलेली आहेत.

छंदाचे मूळ एका वहीत आहे. माझी आई ठिपक्यांच्या रांगोळ्या काढीत असे आणि आवडलेली रांगोळी एका दोनशेपानी वहीत उतरवून ठेवीत असे. पानाच्या माथ्यावर ठिपक्यांचा हिशेब लिहिलेला असे: ‘१५ ते ८, मधले ठिपके’. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी त्यांतल्या चाळीसएक रांगोळ्या संगणकावर एका चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हौसेने काढल्या. ते सॉफ्टवेअर रोख पैसे मोजून घेतलेले होते. पुढे ते तयार करणाऱ्या कंपनीने विक्री बंद करून महिन्याच्या भाड्याची पद्धत सुरू केली. जुनी प्रत नव्या संगणकावर चालेना. कारण चालू होण्यापूर्वी ती कंपनीच्या ज्या यंत्राकडे दुरून परवानगी मागे, ते यंत्रच कंपनीने बंद करून टाकले होते. आई गेल्यानंतरच्या दिवाळीत बहिणीने त्या रांगोळ्या मागितल्या. फाइली जागच्या जागी होत्या, परंतु त्या उघडेनात. वही मात्र उघडली. पाने पिवळी पडली होती, शाई थोडी फुटली होती, तरी एकूण एक ठिपका मोजता येत होता.

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपली मालकी असते, ही माझी साधी व्यवहारी कल्पना त्या दिवशी डळमळली. एका विद्यार्थ्याने सांगितले, “सर, यापुढे मुक्त सॉफ्टवेअर वापरा.” ‘मुक्त’ म्हणजे काय, हे मी वाचू लागलो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली ‘ग्नू’ नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली, आणि सॉफ्टवेअर हवे तसे चालवण्याचे, त्याची आतली रचना अभ्यासण्याचे, ती बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असले पाहिजे, असा आग्रह धरला. इंग्रजीतला ‘फ्री’ हा शब्द विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ पोटात बाळगतो, त्यामुळे स्टॉलमन यांना आयुष्यभर त्याचा खुलासा करीत बसावे लागले. मराठीला ही अडचण नाही. फुकट ते फुकट आणि मोकळे ते मोकळे, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. आज मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या वस्तूंना तोटा नाही. मोकळ्या त्यांत थोड्याच. चित्रकलेपुरते पाहायचे तर १९९६ पासूनचे ‘गिंप’ आणि २००३ पासूनचे ‘इंकस्केप’ ही दोन्ही मोकळी आहेत, आणि त्यांवर गंभीर काम करता येते. माझे काम त्यांवर भागले असते. पण मुक्कामाला जाणारा मनुष्य जसा मधल्या एखाद्या खेड्यात रमतो, तसा मी वाटेतल्या एका विलक्षण वस्तीत रमलो.

त्या वस्तीचे नाव ‘हंड्रेड रॅबिट्स’, म्हणजे शंभर ससे. ससे प्रत्यक्षात दोनच: रेका बेलम आणि डेव्हिन लू लिनवेगा. हे कलावंत जोडपे ‘पिनो’ नावाच्या सुमारे दहा मीटर लांबीच्या शिडाच्या होडीवर राहून चित्रे, खेळ, संगीत आणि सॉफ्टवेअर करीत आले आहे. कॅनडातून निघून त्यांनी पॅसिफिक महासागर पालथा घातला, आणि २०२० साली जपानहून परत कॅनडाला येताना ५१ दिवस जमीन पाहिली नाही. होडीवर वीज सूर्याकडून मिळेल तेवढीच. बंदरात लागल्यावर मिळणारे इंटरनेट अगदी मंद. आणि नेहमीची कामाची साधने तर दर थोड्या दिवसांनी कित्येक गिगाबाइटची नवी आवृत्ती उतरवून घ्या म्हणून हट्ट धरीत. शहरात राहणाऱ्याला हा हट्ट जाणवतही नाही. समुद्रावर तो जाणवला. तेव्हा या दोघांनी आपल्या गरजेपुरता एक संगणकच कल्पिला.

‘कल्पिला’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. २०२१ साली सुरू झालेले हे ‘उक्सन’ नावाचे यंत्र कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नाही. ते केवळ नियमांचा एक संच आहे. कोणत्याही खऱ्या संगणकाला ते नियम शिकवले की तो त्या यंत्राचे सोंग घेतो. स्मरणशक्ती ६४ किलोबाइट, मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र त्याहून कितीतरी पटींनी मोठे असते. मूळ आज्ञा ३२. पडद्यावर एका वेळी रंग चार. चित्रे बसवायची ती आठ बाय आठ अशा चौकोनांत, म्हणजे चौसष्ट घरांत. त्याच्या भाषेची एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. बहुतेक संगणकीय भाषांत ‘मिळव’ ही आज्ञा आधी किंवा मध्ये येते. येथे आधी दोन, मग तीन, आणि शेवटी ‘मिळव’. क्रियापद वाक्याच्या शेवटी! इंग्रजी जन्मभर शिकवूनही ज्याचे मन कर्ता-कर्म-क्रियापद याच क्रमाने चालते, त्या मराठी माणसाला ही भाषा पहिल्याच दिवशी घरची वाटली, तर त्यात नवल नाही.

या यंत्रासाठी चित्रे काढण्याचे ‘नूडल’ आहे, मजकूर लिहिण्याचे ‘लेफ्ट’ आहे. सर्वांत अद्‌भुत मात्र ‘ऑर्का’. हे संगीत रचण्याचे साधन उक्सनच्याही आधीचे, २०१८ सालचे. ते उघडले की पुढे ठिपक्यांनी भरलेला काळा पडदा येतो. ना यादी, ना बटणे. रोमन लिपीतले प्रत्येक अक्षर येथे एक क्रिया करते: एक अक्षर दोन आकड्यांची बेरीज करते, एक ठरावीक अंतराने ठोका देते, आणि चार अक्षरे चार दिशांना चालू लागतात. अक्षरे मांडावी, ती एकमेकांवर आदळावीत, आणि त्या आदळण्यातून स्वर कुठे वाजावा याचा संदेश दुसऱ्या वाद्याला जावा, अशी ही योजना. पहिल्या संध्याकाळी मला त्यातून एक साधा दादरा साधला. त्या सहा मात्रांचा आनंद मला पुष्कळ दिवस पुरला.

आठ बाय आठ घरांचा हा चौकोन माझ्या पिढीला अगदीच परका नाही. १९८१ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा घरगुती संगणक काढला. ब्रिटिश नभोवाणीने लोकांना संगणक-साक्षर करण्यासाठी हाती घेतलेल्या उपक्रमाचा तो सोबती होता. १९८४ साली भारत सरकारने शाळांत संगणकशिक्षणाची ‘क्लास’ योजना सुरू केली तेव्हा हेच यंत्र आपल्याकडे आले. आमच्या शाळेत त्याच्या खोलीबाहेर चपला काढून, देवळात जावे तसे आत जावे लागे. खटका दाबताच ते दोन सुरांत हुंकार देई, आणि दुसऱ्या क्षणी पडद्यावर एक चिन्ह उमटे. त्याचा अर्थ एवढाच होता की, मी तयार आहे, आज्ञा करा. ना नोंदणी, ना परवानगी, ना जाहिरात. त्या यंत्राची ‘बेसिक’ भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे ‘आर्म’ हा प्रक्रियक रचला, आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल त्याच्याच वंशातला आहे. नातू आजोबांहून लाखो पटींनी बलवान झाला. परंतु आजोबा समोर आलेल्या पोराला ‘बोल, काय करू?’ असे विचारीत, ती रीत मात्र नातवाने सोडली.

या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी मोकळी सॉफ्टवेअरे आज सहज मिळतात. मॅट गॉडबोल्ट यांचे ‘जेएसबीब’ त्यांपैकी एक. बीबीसी मायक्रोला नवे अक्षर शिकवण्याची युक्ती मला त्यावर कळली. ‘व्हीडीयू २३’ ही आज्ञा, अक्षराचा क्रमांक, आणि मागून आठ आकडे, प्रत्येक ओळीसाठी एक. ओळीतल्या आठ घरांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. जी घरे रंगवायची त्यांची बेरीज म्हणजे त्या ओळीचा आकडा. आठही घरे भरली की बेरीज २५५ होते. आपली शिरोरेखा म्हणजे २५५! वाचकांनी चौकटीचा कागद घेऊन हे आठ आकडे उतरवून पाहावेत: २५५, २, २, ९८, १२६, ९८, २, २. ‘न’ हे अक्षर तयार होईल. ‘न’, ‘त’, ‘ग’ अशी शहाणी अक्षरे चौसष्ट घरांत सुखाने नांदतात. ‘क्षी’ किंवा ‘ज्ञू’ लिहायची वेळ आली की घर अपुरे पडते. वेलांटीला वर माडी हवी, उकाराला खाली तळघर हवे. मग एकावर एक दोन चौकोन रचावे लागतात. वयाची पन्नास वर्षे मी देवनागरीत लिहीत आलो. पण अक्षराचा कोणता भाग त्याचा प्राण आहे आणि कोणता नुसता पोशाख, याचा विचार मला या कोंदट घरांनी प्रथम करायला लावला.

हे ऐकून कोणी म्हणेल, ही निव्वळ गतकाळाची हळहळ आहे. मला तसे वाटत नाही. १९८४ च्या खोलीतला पंख्याचा वारा मला पुन्हा नको आहे, आणि चार मुलांत एक यंत्र तर मुळीच नको आहे. शिवाय उक्सन हे २०२१ चे अपत्य आहे. जन्माला येतानाच लहान राहण्याचे ठरवून आलेल्याला जुने कसे म्हणावे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याला छापखान्याचे किंवा चित्रपटाचे काम करून पोट भरायचे आहे, त्याला चार रंग सांगणे ही चेष्टा होईल. हे मला मान्य आहे. माझे म्हणणे फक्त शिकणाऱ्यापुरते आणि हौसेने निर्माण करणाऱ्यापुरते आहे. बुद्धिबळाच्या पटावरही चौसष्टच घरे असतात. ती अपुरी पडली अशी तक्रार खेळाडू सहसा करीत नाहीत. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत एकोणीस अक्षरे बसवणाऱ्या कवीला विसावे अक्षर नको असते. सीमा ठाऊक असली म्हणजे मनुष्य सीमेच्या आत निर्धास्त हिंडतो. उलट, ज्याचा तळ कधीच लागत नाही अशा साधनापुढे माझे विद्यार्थी तासन्‌तास याद्या चाळीत बसतात, आणि शेवटी दुसऱ्याने तयार ठेवलेला नमुना उचलतात. साधन त्यांच्या मुठीत मावत नाही, तेव्हा तेच साधनाच्या मुठीत जातात. माझ्या मते आजच्या शिक्षणातले हे मोठे नुकसान आहे. आणि ते गुणपत्रकात दिसत नाही, म्हणून अधिक गंभीर आहे.

टिकण्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. वही का टिकली? कागद चांगला होता म्हणून नव्हे. ठिपके मोजता येणाऱ्या कोणाही माणसाला ती रांगोळी पुन्हा काढता येत होती, म्हणून ती टिकली. उक्सनची रचना याच जातीची आहे. त्याचे नियम इतके थोडे आहेत की उद्या आजचे सर्व संगणक अडगळीत गेले, तरी जाणत्या माणसाने ते नियम वाचून नव्या यंत्राला थोड्या दिवसांत शिकवावेत. परवानगी देणारे दूरचे यंत्र त्यात कुठेच नाही.

सध्या मी त्या चाळीस रांगोळ्या पुन्हा काढीत आहे. ठिपक्यांभोवतीची गोल वळणे चौकोनी घरांत बसवताना घाम फुटतो. परंतु पुष्कळशा रांगोळ्यांचा पाव भाग साधला की उरलेले तीन तो उलटासुलटा करून मिळतात, हे आईला कधीच माहीत होते आणि मला आता कळते आहे. अकरा पुऱ्या झाल्या. त्यांच्या फाइली मी बहिणीला पाठवल्या आहेत. शिवाय प्रत्येक चौकोनाचे आठ आठ आकडे वहीच्या समासात, आईच्या ‘१५ ते ८’ या हिशेबाच्या शेजारी, पेन्सिलीने लिहून ठेवतो. पेन्सिल मुद्दाम घेतो. तिच्या शाईशी माझे अक्षर बरोबरी करू नये, आणि पुढे कोणाला दुरुस्ती करावीशी वाटली तर ती करता यावी.