एक स्क्रू कमी

मराठी भाषेने स्क्रूवर अन्याय केला आहे. दार, खुर्ची, शिलाई मशीन, पंखा, अवघा संसार स्क्रूवर उभा असताना भाषेला तो सापडला फक्त माणसाच्या डोक्यात, आणि तोही ढिला! बरं, ज्याचा स्क्रू ढिला आहे त्याच्यापाशी निदान स्क्रू तरी असतो. ज्याच्याकडे मुळात स्क्रूच नाही त्याने काय करावं, याबद्दल शब्दकोश गप्प आहेत. गेल्या श्रावणात आठवडाभर मी त्या अवस्थेत तुंगार्लीत वावरत होतो.

झालं असं, की आमच्या कंप्युटरची डिस्क कटकट करू लागली. ही लाक्षणिक कटकट नव्हे. लाक्षणिक करायला घरात इतर आहेत. जुन्या डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी असते, आणि तिचं आयुष्य संपत आलं की ती असा आवाज काढते. त्या डिस्कवर हिने दोन वर्षं खपून आपल्या आईच्या तोंडच्या ओव्या टाइप करून ठेवल्या होत्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर होती, पण पेन ड्राइव्ह ही वस्तू चष्मा आणि किल्ल्या यांच्या जातीची. ती असते, पण हवी तेव्हा नसते. ओव्या सांगणारी सासूबाई तर आता नाहीत, त्यामुळे पुन्हा विचारून घ्यायची सोय नव्हती.

मुलाने बंगलोरहून नवा ड्राइव्ह पाठवला. सॉलिड स्टेट. ह्यात तबकडी नाही, हलणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, चिक्कीच्या तुकड्याहूनही हलका. "बाबा, खोबणीत सरकवायचा आणि एक स्क्रू लावायचा. पाच मिनिटांचं काम," मुलगा फोनवर म्हणाला. पाच मिनिटांची कामं सांगणारी माणसं नेहमी बंगलोरलाच का असतात, कोण जाणे.

खोबणीत तो सरकला. पण एक टोक आत गेलं की दुसरं टोक आपोआप वर उचललं जातं आणि पट्टी तिरपी राहते. सूर्यनमस्कार घालताना वाकलेल्या माणसाला मध्येच काहीतरी आठवावं, तशी. ते टोक खाली दाबून एका स्क्रूने धरायचं असतं. दोन नव्हे, चार नव्हे, एक. हा स्क्रू बहुधा ड्राइव्हच्या खोक्यात नसतो, मदरबोर्डच्या खोक्यात एका बारीक पिशवीत असतो. आणि ज्याने आम्हांला हा कंप्युटर जोडून दिला, त्याने ते खोकं आम्हांला कधी दाखवलंच नव्हतं.

ह्यात आणखी एक गंमत आहे. ड्राइव्हच्या जातीचं नाव 'एम डॉट टू' आणि त्याला बहुतेक ठिकाणी लागणाऱ्या स्क्रूचं नाव 'एम टू'. डॉट असला तर ड्राइव्ह, नसला तर दोन मिलिमीटर व्यासाचा स्क्रू. एका टिंबाने अर्थाचा अनर्थ होतो हे मी शाळेत शुद्धलेखनात शिकलो होतो, पण ते ज्ञान हार्डवेअरच्या दुकानात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

"काळजी नको, डबा आहे!" मी म्हणालो.

डबा वडिलांचा. चिक्कीचा, पत्र्याचा. आयुष्यभर ते मोडलेल्या वस्तूंतून स्क्रू, नट, वायसर काढून त्यात टाकत आणि म्हणत, "राहू दे, कधीतरी लागेल." ही त्यांची श्रद्धा. आमचा अनुभव असा, की त्या डब्यातलं कधीच काही कशालाच लागलं नाही. शिवाय तुंगार्लीचा पाऊस! इथे जुलैत लोखंडाला गंज चढत नाही. गंजाला अधूनमधून लोखंड लागलेलं दिसतं.

"गौरी-गणपती आलेत. घर आवरायचंय," ही म्हणाली. "ह्यातून तुमचा स्क्रू निघाला तर मामंजींचा डबा राहील. नाही तर भंगारात." मग एक स्क्रू चिमटीत धरून म्हणाली, "अहो, ह्याला तर डोकंसुद्धा नाही! बिनडोक स्क्रू कशाला हो जपायचे?"

शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते व्हर्नियर घेऊन आले आणि अंगणातल्या पाण्याकडे पाहत त्यांनी मला आट्यांचा इतिहास सांगितला. १८४१ पर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. त्या साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या गृहस्थाने सगळ्यांसाठी एक माप सुचवलं, ५५ अंशांच्या कोनाचं. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचं काढलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांची मनं जुळली, पण आटे जुळेनात! अखेर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ह्यांनी एका मापाचा करार केला, तोही इंचातच. मिलिमीटरवाले वेगळेच राहिले.

"आता तुमचं हे खोकं बघा," ते म्हणाले. "झाकणाचा स्क्रू इंची, इंचाला ३२ आटे. आतला ड्राइव्ह मिलिमीटरचा. एका घरात दोन राज्यं."

मला त्यात विशेष वाटलं नाही. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. तरी मुलाची उंची फुटांत, जमीन गुंठ्यांत आणि पाऊस तेवढा मिलिमीटरमध्ये!

डब्यातले बारीक स्क्रू आमच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे निघाले. जात बी. ए. ही पदवी नव्हे, ब्रिटिश असोसिएशन. ह्या जातीत नंबर वाढला की स्क्रू बारीक होतो. आठ नंबरचा बी. ए. भरला २.२ मिलिमीटर, तो भोकात शिरेना. दहा नंबरचा १.७, तो शिरला, फिरला आणि फिरतच राहिला. मधला नऊ नंबरचा १.९, तो डब्यात नव्हता. बी. ए. होऊन चिकटायला जागा न मिळालेले तरुण मी पुष्कळ पाहिले आहेत, पण इतकं स्पष्ट उदाहरण पहिलंच.

"सेलोटेप लावा," इंजिनिअर म्हणाले आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नको. काम करताना हा तापतो. डिंक पाघळेल."

मग मी बाजारात निघालो. हार्डवेअरवाल्याने माप ऐकून चष्मा लावला. त्याचा धंदा बंगल्यांच्या बिजागऱ्यांचा आणि कडी-कोयंड्यांचा. "दोन मिलिमीटर? साहेब, हा स्क्रू आहे की चमकी? सराफाकडे बघा." सराफाने चष्मेवाल्याकडे पाठवलं. चष्मेवाल्याचा स्क्रू दीड मिलिमीटरलाही पोचेना. ऑनलाइन शंभरांची पाकिटं दिसली; ती मुसळधार पावसातून 'लवकरच' येणार होती.

शेवटी लोकल पकडून पुण्याला गेलो. तपकीर गल्लीत मिळत नाही अशी विजेची वस्तू अजून शोधली जायची आहे, अशी माझी समजूत होती.

"एम टू बाय थ्री," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

"शंभरचं पाकीट येतं."

"मला एकच हवाय."

दुकानदाराने माझ्याकडे, एका चपलेचा जोड मागणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. "एकेक विकत बसलो तर मोजायला माणूस ठेवावा लागेल."

"बरं, शंभर द्या."

"संपलेत. पुढच्या आठवड्यात या."

परत येताना लोकलमध्ये माझ्या लक्षात आलं, की जगात एक लाख स्क्रू मिळतात, एक हजार मिळतात, शंभर मिळतात. एक मिळत नाही. एक स्क्रू हा विकतच मिळत नसतो. तो फक्त कोणाकडे तरी *असावा* लागतो.

दुसऱ्या दिवशी हिने डबा पिशवीत घालून हातात दिला. "वाटेत भंगारवाल्याकडे टाकून या." मी निघालो खरा, पण पाय जड झाले होते. म्हणून भांगरवाडीत एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर थांबलो. विशी-बाविशीचा मुलगा. माप सांगितलं तर तो काही बोलला नाही. खालून एक डबा काढला. मिठाईचा, प्लॅस्टिकचा. आत मेलेल्या लॅपटॉपांचे, मोबाइलांचे शेकडो स्क्रू. चिमट्याने त्याने एक उचलला. चपट्या डोक्याचा, तीळ म्हणावा एवढा.

"हे सगळं साठवून ठेवतोस?"

"काका, लागतं कधीतरी."

मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. पाकीट काढलं तर म्हणाला, "एका स्क्रूचे काय पैसे घ्यायचे? त्यापेक्षा हे बघा ना. एका बंगलेवाल्यांनी दिलाय. आत ब्लूटूथ स्पीकर बसवला, सगळं झालं, पण हे बटण काही धरत नाही. ह्याच्या बुडाला एक बिनडोक्याचा स्क्रू असतो, तो कुठेच मिळेना."

टेबलावर लाकडी खोक्याचा, जुना, व्हॉल्व्हचा रेडिओ होता.

मी पिशवीतून चिक्कीचा डबा काढला.

त्या संध्याकाळी पट्टी खाली बसली, कंप्युटर सुरू झाला, आणि रात्री उशिरापर्यंत ओव्या एकेक करून नव्या घरी गेल्या. ही शेवटची ओवी मोठ्याने वाचत होती, तेव्हा मी डबा हळूच माळ्यावर ठेवला. तिने पाहिलं, पण बोलली नाही. कधीतरी लागेल, असं वडील म्हणत. आपल्यालाच लागेल, असं ते कधी म्हणाले नव्हते.