शेकडा दहा पैसे

‘ढ’ असण्याचे फायदे असतात हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर मी बी.कॉम. होण्याच्या भानगडीत पडलोच नसतो. शाळेत नसतील, पण सरकारदरबारी ते असतात, आणि तेही रीतसर, लेखी!

महाराष्ट्र सरकारने १९६४ साली उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना काढली. जो तो कारखाना मुंबई-ठाणे-पुण्याकडेच धावतो, त्याने जरा आडगावचंही तोंड पाहावं, हा हेतू. पुढे तालुक्यांना श्रेण्या आल्या. ए, बी, सी, डी, डी प्लस, आणि त्याच्याही खाली ‘विनाउद्योग जिल्हा’. ए म्हणजे पुढारलेला, त्यामुळे त्याच्या पानात फारसं काही नाही. डी प्लससमोर मात्र सवलतींचं भरलेलं ताट. आमच्या प्रगतिपुस्तकात तांबडी रेघ दिसली की वडील छडी शोधायचे. इथे जितका तालुका मागे, तितका त्याचा भाव पुढे!

सवलती तरी किती? मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ. विक्रीकर होता त्या काळात तर आणखी गंमत होती. कारखान्याने गिऱ्हाइकाकडून कर आज घ्यायचा आणि सरकारात भरायचा काही वर्षांनी. मधल्या काळात ते बिनव्याजी कर्जच. आमचा प्राप्तिकर मात्र पगाराचं दर्शन होण्याआधीच कापला जातो. “मी कारखाना असायला हवा होतो,” असं एकदा मी घरी म्हणालो. सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली, “पण तुमच्यात तयार काय होतं?”

राज्याराज्यांत चढाओढ लागली की ताटाचं परात होतं. २००८ च्या ऑक्टोबरात नॅनो गाडीचा कारखाना पश्चिम बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातेत सानंदला निघाला. एक रुपयाच्या एसेमेसने तो आणला, असं तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी सांगत. एसेमेस एक रुपयाचाच असेल, पण त्याच्या मागोमाग जे कर्ज गेलं त्याचा व्याजदर होता ०.१ टक्का, आणि फेड वीस वर्षांनी. म्हणजे शेकडा दहा पैसे. महिन्याला नव्हे, वर्षाला! आयुष्यभर व्याजाची कोष्टकं मांडलेल्या माणसाला असा आकडा वाचून घेरी येते.

हे मी आमच्या शाखेत एका म्हातारबांना सांगितलं. ते म्हशीच्या कर्जासाठी आले होते. पन्नास हजारांच्या म्हशीसाठी आम्ही त्यांच्याकडे सातबारा मागितला होता, दोन जामीनदार मागितले होते, गुरांच्या डॉक्टरचा दाखला मागितला होता आणि म्हशीच्या कानात विम्याचा बिल्लाही मागितला होता. म्हातारबांनी मनातल्या मनात हिशेब केला.

“म्हंजी वर्साला पन्नास रुपये याज? सायेब, मला बी त्याच भावानं द्या की! वीस वर्सांत हिची खापरपणती दूध द्याया लागंल. तवा समदं एकदम फेडतो.”

“बाबा, तुम्ही कारखाना नाही.”

“व्हय, त्ये बी खरंच.” मग जरा थांबून म्हणाले, “पर त्यो कारखाना दूध किती देतुया? आमी म्हस घ्याया गेलो तर दोन वखत धार काढून बघतो, मग पैसं मोजतो. कारखान्याची धार कोन काढून बघतं?”

वाचकहो, कॉमर्सच्या तीन वर्षांत इतकं सोपं अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

सानंदची धार काढली तर काय दिसतं? लाखाची गाडी म्हणून गाजलेली नॅनो २०१८ च्या सुमारास जवळजवळ आटली. पण त्याच गोठ्यात टियागो, टिगोर या गाड्या होऊ लागल्या. म्हणजे सानंदचं नशीब बरं, म्हैस भाकड निघाली नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने तर धार पाहूनच पैसे द्यायचं ठरवलं होतं. २०१७ साली फॉक्सकॉनने तेरा हजार नोकऱ्यांचा वायदा केला आणि राज्याने सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलतींचा. २०१८ त खुद्द अध्यक्ष ट्रम्प यांनी सोनेरी फावड्याने माती उकरली. (आपल्याकडे निदान कुदळ तरी लोखंडी असते.) २०२१ साली करार नव्याने लिहिला, तेव्हा नोकऱ्या उरल्या १,४५४ आणि सवलती आठ कोटी डॉलर. राज्याचे पैसे वाचले. पण माउंट प्लेझंट या गावाने जमिनी घेऊन, लोकांची घरं हलवून, रस्ते आणि पाण्याचे नळ टाकून गोठा आधीच बांधला होता. पुढे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने तिथे डेटा सेंटरसाठी जमीन घेतली, तेव्हा कुठे गावाच्या जिवात जीव आला.

पन्नास हजारांना आम्ही दोन जामीनदार मागतो. कारखान्याच्या सवलतीला जामीनदार असतं ते सगळं गाव. त्याचं पाणी, त्याचा रस्ता, त्याची जमीन. फक्त सही करायला त्याला कुणी बोलावत नाही.

म्हातारबांची चार एकर एमआयडीसीत गेली आहे. तिथे अजून तारेचं कुंपण आहे आणि आत बाभळी आहेत. धाकटा मुलगा आयटीआयतून फिटर होऊन घरी बसला आहे. तरी त्यांची सवलतींबद्दल तक्रार नाही. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवता उठवता ते मला म्हणाले,

“दहा पैशानं द्या, न्हाईतर फुकट द्या. पर कागद कराया लागले की पोरं किती घेनार त्ये आदी लिवून घ्या म्हनावं. आनि आमच्या फिटरचं नाव बी.”

त्यांच्या म्हशीचं कर्ज मंजूर झालं. व्याज मात्र नेहमीच्याच दराने.