कामगार बदलावा की कामाची व्यवस्था?

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला व्यवस्थापन शिकवते. 'कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर परिणाम करणारे घटक' हा विषय निघाला, की मुलं धडाधड मुद्दे सांगतात. कौशल्य, प्रशिक्षण, प्रेरणा, वेतन, नेतृत्व, साधनसामग्री, कामाची जागा, आपसातले संबंध. मुद्दे बरोबर असतात, गुणही मिळतात. पण हीच मुलं सुट्टीत दुकानात किंवा गॅरेजवर कामाला जाऊन आली, की वाक्य एकच ऐकू येतं. "मॅडम, तो पोरगा कामचुकार आहे." म्हणजे वहीत आठ घटक, आणि प्रत्यक्षात उरला फक्त माणूस!

पालकांचंही तसंच. "आजकाल चांगली माणसं मिळत नाहीत," हे वाक्य मी किराणा दुकानदारापासून कारखानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. म्हणून हा पाठ मी आता मुद्द्यांनी सुरू न करता मण्यांनी सुरू करते.

मण्यांचा खेळ

हा खेळ माझा नाही. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग (१९००–१९९३) हे अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ. १९५० मध्ये त्यांनी जपानमध्ये उद्योजकांना आणि अभियंत्यांना गुणवत्तेवर व्याख्यानं दिली. १९५१ पासून तिथे त्यांच्या नावाने पारितोषिक दिलं जातं. आपल्या प्रशिक्षण वर्गांत ते पांढऱ्या आणि लाल मण्यांचा एक प्रयोग करून दाखवत. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल मणी म्हणजे खराब माल. 'कामगारांनी' खळगे असलेली पट्टी मण्यांत बुडवून बाहेर काढायची आणि लाल मणी येऊ द्यायचे नाहीत.

वर्गासाठी मी ते सोपं केलं आहे. एका डब्यात ५०० मणी, त्यातले १०० लाल. सहा मुलं कामगार, एक मुलगा मुकादम. प्रत्येकाने डोळे मिटून २० मणी काढायचे. मुकादमाने मोजायचं, शाबासकी द्यायची, रागवायचं.

गेल्या खेपेला पहिल्या फेरीत लाल मणी निघाले ४, २, ७, ३, ५ आणि ४. दोनवाल्या मुलीला मुकादमाने 'उत्तम कामगार' जाहीर केलं. सातवाल्याला सगळ्यांसमोर झाडलं. दुसऱ्या फेरीत सातवाल्याला ३ आले आणि उत्तम कामगाराला ६. मुकादम खूश. "बघा मॅडम, ओरडलो तर सुधारला! आणि हिला डोक्यावर चढवलं तर बिघडली!" वर्ग हसला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण दोन्ही वेळेला डोळे मिटलेलेच होते ना?"

पाठ तिथे कळला. डब्यात पाचातला एक मणी लाल आहे. वीस काढले की सरासरी चार लाल येणारच. कधी दोन, कधी सात. त्यात कामगाराची हुशारी नाही की आळस नाही. लाल मणी कमी करायचे तर डब्यातले कमी करावे लागतील. आणि डबा कोणाच्या हातात असतो? मालकाच्या.

आपण नेहमी फार वाईट दिवशी रागावतो. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा थोडा बरा जातोच. मग आपल्याला वाटतं, रागावण्याचा गुण आला. शिक्षक मित्रांनो, ही गोष्ट आपल्या वर्गालाही लागू होते, हे वेगळं सांगायला नको.

खाट आणि शेगडी

आता खरा उद्योग बघूया. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. हाच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' झाला. संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ही यशोगाथा सगळ्यांना माहीत आहे. मला वर्गात सांगावासा वाटतो तो तिच्यातला पावसाळा.

पहिल्या वर्षी पाऊस लागला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. बायका त्याच, हात तेच, पीठही तेच. उत्पादन मात्र शून्य. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. पावसातही पापड वाळू लागले.

इथे कोणी प्रेरणादायी भाषण केलं नाही, की 'जास्त मन लावून लाटा' असं सांगितलं नाही. काम नेमकं कुठे अडतंय ते पाहिलं आणि तिथे खाट टाकली.

पुढची त्यांची पद्धतही अभ्यासण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर एकत्र मळलं जातं, त्यामुळे चव प्रत्येकीच्या हातावर सोडलेली नाही. पीठ घरी नेऊन लाटायचं, म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाईलाही काम करता येतं. लाटलेले पापड केंद्रावर आणून दिले, की ते तपासले जातात आणि मजुरी मिळते. आपलं काम कसं झालं, हे कळायला वर्षअखेरीची वाट बघावी लागत नाही. शिवाय प्रत्येक सभासद बहीण मालकीण आहे. साधनं, प्रशिक्षण, तपासणी, मोबदला, आपलेपणा हे आपले सगळे मुद्दे इथे रोजच्या कामातच गुंफलेले दिसतात.

पोळी-भाजी केंद्रातली वही

आमच्या एका विद्यार्थ्याची आई पोळी-भाजी केंद्र चालवते. हाताखाली चौघी जणी. त्यातली नवी बाई इतरांच्या निम्म्या पोळ्या करायची. "हात हळू आहे तिचा. महिनाअखेरीला हिशेब करून मोकळी करते," असं त्या मला पालकसभेनंतर सांगत होत्या. धंदा त्यांचा, त्यांचंही चुकत नव्हतं. डबे साडेबाराला निघायलाच हवेत. मी एवढंच म्हटलं, "मुलाला प्रकल्प करायचाच आहे. आठवडाभर त्याला वही घेऊन बसू द्या. कोण हळू आहे हे लिहायचं नाही; काम कधी आणि कशामुळे थांबलं, तेवढंच लिहायचं."

वहीत निघालं ते असं. नव्या बाईला दाराजवळची जागा दिली होती. म्हणून फोन तिने घ्यायचा, गिऱ्हाइकाला पार्सल तिने द्यायचं, सुटे पैसेही तिनेच आणायचे. एका सकाळी ती २३ वेळा उठली. प्रत्येक वेळी हात धुवायचे, परत बसायचं, तवा तोवर एकतर करपलेला नाहीतर गार. त्यात तिच्या वाट्याला आलेली शेगडी जुनी, बर्नर अर्धा बुजलेला.

बर्नर साफ करून घेतला. फोन आणि पार्सल मालकीणबाईंनी स्वतःकडे घेतलं. पंधरा दिवसांत नवीचा आकडा इतरांच्या जवळपास आला. सगळ्यात जलद लाटणाऱ्या मावशींना तिने गाठलं नाही, आणि ते अपेक्षितही नव्हतं. त्यांचा हात वीस वर्षांचा आहे. पण नोकरी टिकली. ती बाई मुलाला म्हणाली, "दादा, मला वाटायला लागलं होतं, माझ्या हातातच काही दम नाही."

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. व्यवस्थेतला दोष माणसाच्या माथी मारला, की कामाचं नुकसान होतंच. पण काही दिवसांनी तो माणूससुद्धा स्वतःबद्दल तेच मानू लागतो.

मग माणसाचं काहीच नाही का?

मुलं हा प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच हवा. सगळा दोष व्यवस्थेवर ढकलणं हीसुद्धा पळवाट आहे. वारंवार न सांगता दांडी मारणारा, गल्ल्यात हात घालणारा, शिकवूनही शिकायचंच नाही असं ठरवलेला माणूस असतो. कौशल्यातही फरक असतो. पण तो खरा किती, हे साधनं आणि कामाची वाटणी नीट केल्यावरच दिसतं. आधी बर्नर, मग हात.

आणि वागणुकीचा भाग तर मोठाच आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले. प्रकाश, विश्रांती, कामाचे तास बदलून उत्पादनावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. आपल्याकडे कोणी लक्ष देतंय, आपल्याला विचारलं जातंय, यानेही काम बदलतं, असा अर्थ त्यातून काढला गेला. त्यावर पुढे वादही झाले. पण मान देऊन विचारलं की माणूस खरी अडचण सांगतो, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. मात्र गोड बोलणं वेतनाची जागा घेऊ शकत नाही. पगार वेळेवर नसेल, एकाच कामाला दोघांना वेगळे पैसे असतील, तर 'आपण सगळे एक कुटुंब' या वाक्याला कामगार मनातल्या मनात हसतो.

मालकांनी, पालकांनी आणि आपण विचारायचे प्रश्न

कोणाचं काम कमी पडलं, की आधी हे विचारावं:

१. नेमकं काय हवं आहे, हे त्याला स्पष्ट सांगितलं आहे का?
२. हे काम त्याला कोणी हातात धरून शिकवलं आहे का?
३. साधन धड आहे का? जागा आणि वेळ पुरेशी आहे का?
४. काम मध्येच कितीदा तुटतं, आणि कोणामुळे?
५. बरं झालं की वाईट, हे त्याला वेळेवर कळतं का?
६. मोबदला न्याय्य आहे का?
७. त्याच्या जागी दुसरा बसवला, तर आकडा खरंच बदलेल का?

या सगळ्यांची उत्तरं 'हो' आली, चौथ्यात काही निघालं नाही, आणि तरीही काम होत नसेल, तर मग त्या माणसाशी स्पष्ट बोलावं.

पालकांनो, हीच यादी घरातही चालते. मुलगा अभ्यासाला बसत नाही म्हणून त्याला आळशी ठरवण्याआधी एक संध्याकाळ वही घेऊन जवळ बसा. टीव्ही कुठे आहे, दिवा कुठे आहे, 'जरा दूध घेऊन ये' म्हणून तो किती वेळा उठतो, ते फक्त लिहा. मुलाबद्दलचं मत त्यानंतर बनवा.