माया ठेवून

"जरा वाढत्या अंगाचं शिवा हं, ताई." मे संपत आला की हे वाक्य दिवसातून वीस वेळा कानावर येतं. आई बोलत असते आणि मूल शेजारी उभं राहून चुळबुळत असतं. वांद्र्यात, बाजार रोडच्या एका गल्लीत, मी सव्वीस वर्षं लहान मुलांचे कपडे शिवते आहे. या साध्या वाक्याचा खरा अर्थ कळायला मला त्यातली पहिली काही वर्षं गेली.

सुरुवातीला मी ते शब्दशः घ्यायचे. छाती २४ भरली की २६चं बेतायचं. खांदा अर्धा इंच वाढवायचा, बाही लांब ठेवायची, गळाही मोठा. आया खूश असायच्या. मग दुसरीतल्या एका मुलीचा गणवेश महिनाभरात परत आला, काखेत फाटला म्हणून. सैल कपडा काखेत फाटतो कसा? मी तिला तो घालायला सांगितला आणि हात वर कर म्हटलं. हाताबरोबर सगळा फ्रॉकच वर गेला. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, मुंढा खाली लोंबत होता, आणि खाली आलेला मुंढा हात वर जाऊ देत नाही. ती हळूच म्हणाली, "म्हणून मी वर्गात हात वर करतच नाही." उत्तर येत असलं तरी. तो गणवेश मी शिवला होता. त्या रात्री मी तो पूर्ण उसवला आणि खांदा तिच्या अंगाच्या मापाचा करून पुन्हा शिवला. तेव्हापासून खांदा, मुंढा आणि गळा आजच्या मापाचे ठेवते. वाढ ठेवायला कपड्यात दुसऱ्या जागा आहेत.

त्या जागांनाच आम्ही माया म्हणतो. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडणं म्हणजे माया ठेवणं. हा शब्द या धंद्यात कुणी आणला ठाऊक नाही, पण याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. तयार कपड्यात शिवणीच्या आत जेमतेम पाव इंच कापड असतं, तेही ओव्हरलॉकनं कडेला कापलेलं. तिथं सोडवायला काही उरतच नाही. मी दोन्ही बगलांना एकेक इंच माया ठेवते. फ्रॉकचा घेर खाली तीन इंच दुमडते आणि हातानं तुरपाई करते, म्हणजे उसवताना कापड दुखावत नाही. पँटला मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच, पायाच्या दुमडीत अडीच. पिनाफोरच्या पट्ट्यांवर बटणाची दोन ठिकाणं करून ठेवते. दिवाळीनंतर बटण खालच्या जागी गेलं की लांबीला दीड इंच मिळतो. आणि सुती कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवते. ते आधी आटलं नाही, तर पहिल्या धुण्यातच माझी अर्धी माया खाऊन टाकतं.

आपल्या आज्यांना हे सगळं येत होतं. परकराला नाडी, म्हणजे कमरेचा प्रश्नच नाही. लांबी कमी पडली की खालून एक पट्टी जोडायची. खणाच्या पोलक्यात बगलेला हमखास माया असायची. एकच परकर दोन-तीन वर्षं मुलीबरोबर वाढायचा.

आता माप नंबरावर आलं आहे. आपल्याकडे मुलांच्या तयार कपड्यांचे नंबर दोन-दोन इंचांनी चढतात: २०, २२, २४. पण चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर उंच होतं आणि छाती त्याच्या निम्म्यानंही वाढत नाही. म्हणजे मूल मुख्यतः लांब होत जातं, आणि नंबर मात्र लांबीला नि रुंदीला एकदम उडी मारतो. मधलं मूल, २३ छातीचं, जूनमध्ये २४च्या कपड्यात बुडालेलं असतं. तो कपडा छातीला बरोबर बसेपर्यंत गुडघ्यावर आलेला असतो. वर्षातले किती दिवस त्याला आपल्या मापाचा कपडा मिळाला? मला हे मनापासून खटकतं. मोठ्या माणसानं असा सदरा एक दिवस घातला नसता.

लिंकिंग रोडच्या ठेल्यांवर परदेशी मापाचा माल असतो. त्यांच्या गळ्याशी ११०, ११६ असे आकडे दिसले की आया मला येऊन विचारतात. ती मुलाची सेंटीमीटरमधली उंची. निदान ते मुलाला उंची तरी विचारतात. काही कपड्यांवर नुसतं वय असतं, आणि वयावर माझा अजिबात विश्वास नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३७ ते १९३९ या काळात जवळजवळ १,४७,००० मुलांची, प्रत्येकाची ३६ मापं घेतली होती. निष्कर्ष असा, की कपड्याचा नंबर ठरवायला वय कुचकामी. उंची आणि नितंबाचा घेर ही जोडी सगळ्यांत भरवशाची. मी पेटी उघडून टेप काढते तेव्हा पहिली हीच दोन मापं घेते. आपल्याकडे निफ्ट या फॅशन संस्थेनं 'इंडियासाइज' हे सर्वेक्षण हाती घेतलं, मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजार माणसांची मापं घेण्यासाठी. ते ऐकून मला फार आनंद झाला होता. मग कळलं, वयोगट १५ ते ६५. माझी सगळी गिऱ्हाइकं त्याच्या अलीकडची.

त्यांतली सर्वांत अवघड जागा अकरा-बारा वर्षांची मुलगी. मुलांच्या विभागातला सगळ्यात मोठा नंबर तिला छातीत घट्ट होतो आणि बायकांच्या कुर्त्याचे टक्स तिच्या अंगावर भलत्याच ठिकाणी फुगतात. दोन्ही दुकानांतून ती हिरमुसून आलेली असते. तिचं माप मी दार लोटून घेते. कपड्यांवरूनच, आणि टेपचं एक टोक तिच्या हातात देते: "तूच धर, तुला ठीक वाटेल तितकं सैल ठेव." टक्सऐवजी खांद्याखाली एक आडवा जोड देऊन त्यात बारीक चुण्या घालते. कापड तिच्याबरोबर सरकतं आणि कुठंही बोट दाखवत नाही. माप मी कधी मोठ्यानं म्हणत नाही, वहीत लिहिते. हे एका नऊ वर्षांच्या मुलानं शिकवलं. त्याच्या आईनं दुकानात सगळ्यांसमोर "बघा ना, कंबर किती झाली याची" म्हटलं, आणि त्यानं श्वास ओढून पोट आत घेतलं. मला कंबर चुकीची मिळाली. पँट बसली नाही, आणि तो पुन्हा आला नाही.

मायेला एक खोट आहे, तीही सांगायला हवी. निळ्या पिनाफोरची दुमड सोडली की खालचं कापड गडद निघतं आणि मधे पांढुरकी रेघ राहते. धुऊन विटलेलं वर, न विटलेलं खाली. काही मुलांना त्याची लाज वाटते. तिथं मी त्याच रंगाची बारीक पायपिन लावते.

पांढऱ्यावर मात्र रेघ उठत नाही. आमच्या आळीतल्या एका ईस्ट इंडियन आंटीनं नातीसाठी पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक शिवून घेतला, पांढऱ्या केंब्रिकचा. एका दिवसासाठी एवढं कापड वाया घालवायचं तिच्या जिवावर आलं होतं. मी घेरात अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन आडव्या प्लेटी घातल्या. लोकांना ती शोभा वाटली. पुढच्या सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेआधी आंटी आली, "ताई, एक सोड." एक इंच मिळाला. पुढच्या वर्षी दुसरी, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी, बगलेच्या मायेसकट. मग बरेच दिवस तो फ्रॉक दिसला नाही. गेल्या वर्षी आंटी तोच घेऊन आली, कडक इस्त्री केलेला. धाकटीचं कम्युनियन होतं. मी बगला आत घेतल्या आणि तिन्ही प्लेटी परत घातल्या. मोजावं लागलं नाही. जुन्या टाक्यांची भोकं कापडात अजून होती, त्यांच्यावरूनच सुई चालवली.